ऑफिसचा लॅपटॉप सॉफ्टवेअर बसवू देत नाही तेव्हा

महिन्याची २० तारीख, जीएसटीआर-३बी भरायचाय, डीएससीचं (डिजिटल सहीचं) नवं यूएसबी टोकन हातात आहे आणि ते चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, बसवताना लॅपटॉप ॲडमिनचा पासवर्ड मागतोय. लातूरची डाळमिल असो की जालन्याची बियाणे कंपनी, सर्व्हरच्या डोमेनमधल्या, म्हणजे ज्यांची लॉगिन ऑफिसच्या सर्व्हरवरून सांभाळली जातात अशा लॅपटॉपवर ही अडचण येतेच. मग आम्हा आयटी सपोर्टवाल्यांकडे 'आमच्याच लॉगिनला ॲडमिन करून टाका' असा निरोप येतो. तसं करू नका. ॲडमिन लॉगिनवर मेलमधली चुकीची फाईल उघडली आणि सवयीने 'येस' दाबलं, की अँटिव्हायरस बंद करण्यापर्यंत तिची मजल जाते. अडलंय कुठे ते शोधलं, तर बहुतेक वेळा हक्क वाढवावेच लागत नाहीत.

आधी पडद्यावरचा मजकूर पूर्ण वाचा. नुसतं 'येस' की 'नो' विचारलं, तर लॉगिन ॲडमिनचंच आहे. नाव आणि पासवर्ड मागितला, तर लॉगिन साध्या युजरचं आहे. एरर १६२५ आला तर तुमच्या पासवर्डात खोट काढू नका. इन्स्टॉलेशन पॉलिसीने, म्हणजे सिस्टीमवर लावलेल्या नियमाने अडवलेलं असतं, सेटअप पुन्हा पुन्हा चालवून ते सुटत नाही. पॉलिसीच बदलावी लागते.

पासवर्ड बरोबर टाकूनही 'चुकीचा' म्हणतो, तेव्हा तीन गोष्टी बघा. लॅपटॉपवरचं लोकल ॲडमिन खातं वापरताना नुसतं नाव टाकलं तर विंडोज ते डोमेनमध्ये शोधतो. म्हणून आधी टिंब, मग बॅकस्लॅश आणि लगेच नाव, मधे जागा न सोडता. दुसरं, लॅपटॉप अंबाजोगाईच्या गोदामात आणि सर्व्हर लातुरात असेल, तर त्या लॅपटॉपवर कधीच लॉगिन न केलेल्या डोमेन ॲडमिनचा पासवर्ड तपासायला विंडोजजवळ काहीच नसतं. आधी व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं कनेक्शन) जोडा, नाहीतर लोकल खातं वापरा. तिसरं घड्याळ. सर्व्हर आणि लॅपटॉपच्या वेळेत ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की डोमेनची ओळख नाकारली जाते. बॅटरी पार उतरून बंद पडलेल्या जुन्या लॅपटॉपवर तारीख आधी तपासा.

पुढची अडचण पटकन ध्यानात येत नाही. सेटअप सर्व्हरच्या झेड ड्राइव्हवर आहे, डबल क्लिक केलं, पासवर्डही दिला, तरी 'पाथ सापडत नाही' असा मेसेज येतो. झेड ड्राइव्ह जोडलेला असतो तुमच्या लॉगिनला. पासवर्ड दिल्यावर सेटअप चालतो ॲडमिनच्या वेगळ्या सेशनमध्ये, आणि तिथे झेड नसतोच. फाईल आधी सी ड्राइव्हवर कॉपी करा, तिथून चालवा. फाईल एमएसआय प्रकारची (नावाच्या शेवटी .msi) असेल तर राइट क्लिकमध्ये 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' दिसत नाही. शिफ्ट दाबून तिच्यावर राइट क्लिक करा, 'कॉपी ॲज पाथ' घ्या. मग स्टार्टमधून कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा, पाथ पेस्ट करून एंटर दाबा.

वजनकाट्याच्या जुन्या ३२-बिट सॉफ्टवेअरकडे विशेष लक्ष द्या, कारण इथे नोंदींचा प्रश्न आहे. काही सॉफ्टवेअर डेटा प्रोग्रॅम फाइल्समधल्या आपल्याच फोल्डरमध्ये लिहितात. साध्या युजरला तिथे लिहिता येत नाही, म्हणून विंडोज कोणताही मेसेज न देता तो डेटा त्या युजरच्या स्वतःच्या, लपवलेल्या ॲपडेटा फोल्डरातल्या 'व्हर्च्युअलस्टोअर' फोल्डरमध्ये वळवतो. सकाळच्या ऑपरेटरने घेतलेली वजनं मग दुपारच्या लॉगिनला दिसतच नाहीत. नोंदी गेलेल्या नसतात, तिथे असतात. दोन्ही फोल्डरांचा बॅकअप घेईपर्यंत काहीही पुसू नका. सॉफ्टवेअर रोज ॲडमिन म्हणून चालवणं हा उपाय नाही. ते सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डरमध्ये बसवा, आणि युजर्सना फक्त त्या फोल्डरवर 'मॉडिफाय' परवानगी द्या.

एखाद्याचं नाव ॲडमिन ग्रुपमध्ये घातलं, तरी त्याने साइन आउट करून पुन्हा लॉगिन करेपर्यंत फरक पडत नाही. हक्कांची यादी लॉगिनच्या वेळीच तयार होते. नुसतं स्क्रीन लॉक करून उघडणं पुरत नाही.

एवढं करूनही अडलं तर मेसेजचा पूर्ण फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, कोपरा कापू नका, एररचा क्रमांक बऱ्याचदा तिथेच असतो. सोबत फाईल कोणत्या ड्राइव्हवर होती, लॅपटॉप ऑफिसात होता की बाहेर, आणि अडचण एकाच लॉगिनला येते की सगळ्यांना, हे लिहा. पासवर्ड मात्र व्हॉट्सॲपवर पाठवू नका, आम्हालाही नाही.