पबच्या माडीवरून आलेला मुलाखतकार

सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश मुलाखतकार मेल्विन ब्रॅग यांनी बीबीसी रेडिओ ४ वरच्या ‘इन अवर टाइम’चा निरोप घेतला. एक विषय, तीन अभ्यासक आणि मध्येच ‘थांबा, हे नीट सांगा’ म्हणणारे ब्रॅग, असे हजाराहून जास्त भाग झाले. भगवद्गीता, सम्राट अशोक, टागोर हेही विषय त्यात येऊन गेले. गंमत म्हणजे हा कार्यक्रम जन्मला तो जवळजवळ शिक्षा म्हणून. १९९८ मध्ये ब्रॅग मजूर पक्षातर्फे ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात गेले. राजकारणावरही चर्चा होणारा रेडिओ कार्यक्रम ‘स्टार्ट द वीक’ साहजिकच त्यांच्या हातून गेला. बदल्यात मिळाली गुरुवार सकाळची पडेल वेळ, तीही सहा महिन्यांच्या बोलीवर.

ब्रॅग यांचा जन्म १९३९ चा. उत्तर इंग्लंडमधल्या विग्टन या छोट्या बाजारपेठेच्या गावात आईवडील पब चालवायचे आणि कुटुंब त्याच्याच माडीवर राहायचं. शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला इतिहास शिकून १९६१ मध्ये ते बीबीसीत उमेदवार म्हणून लागले. ‘मॉनिटर’ या कलाविषयक कार्यक्रमात ह्यू वेल्डन यांच्या हाताखाली तयार झाले.

खालच्या मजल्यावरची गाणी आणि ऑक्सफर्डची पुस्तकं यांत त्यांनी पंक्तिभेद केला नाही. जानेवारी १९७८ मध्ये आयटीव्ही या व्यावसायिक वाहिनीवर त्यांचा कलाविषयक ‘द साउथ बँक शो’ सुरू झाला. शीर्षकात मायकेलअँजेलोच्या चित्रातले दोन हात आणि त्यांच्यामधून चमकणारी वीज. अशा थाटानंतर पहिल्याच भागात पाहुणा कोण, तर ‘बीटल्स’वाला पॉल मॅकार्टनी! मला हा निव्वळ प्रेक्षक खेचण्याचा डाव वाटत नाही. ऑपेराला लावायची तीच फूटपट्टी पॉप संगीतालाही लावायची, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आयटीव्हीने २०१० मध्ये कार्यक्रम गुंडाळला. पुढे तो स्काय आर्ट्सवर गेला.

पण ब्रॅग एकदाच पाहायचे असतील तर चॅनल ४ वरची एप्रिल १९९४ ची मुलाखत पाहावी. समोर नाटककार डेनिस पॉटर. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झालेला, हाताशी मॉर्फीनची बाटली. वेदना वाढली की ते एक घोट घेतात, सिगारेट ओढतात आणि लिहायच्या खोलीच्या खिडकीखाली बहरलेल्या झाडाबद्दल बोलू लागतात. यंदाचा बहर आजवरचा सगळ्यांत पांढरा आहे, म्हणतात. ब्रॅग त्यांना बोलू देतात. दोन महिन्यांनी, जूनमध्ये, पॉटर गेले.