रन अमॉक
रन अमॉक : भान आणि ताबा सुटून समोर येईल त्यावर तुटून पडणे, किंवा आवरणारे कुणी न उरल्यामुळे मोकाट धुमाकूळ घालणे, या अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार. ‘रन’ म्हणजे धावणे. ‘अमॉक’ हा मलय भाषेतील (मलेशिया-इंडोनेशिया भागातील भाषा) ‘आमुक’. मराठी ‘अमुक’शी त्याचे काही नाते नाही. उच्चार अमॉक आणि अमक असे दोन्ही होतात, स्पेलिंगही दोन आहेत. जुन्या लेखनात सुरुवातीचा ‘अ’ इंग्रजी उपपद समजून ‘अ मक’ असा शब्द तोडलेलाही आढळतो.

मलय प्रदेशात आमुक हा मूळचा रणांगणाशी जोडलेला शब्द. जिवाची पर्वा न करता शत्रूच्या गोटात घुसणे म्हणजे आमुक, आणि त्यात शौर्याची छटा होती. पिसाळलेला हत्ती किंवा भडकलेली आग यांच्यासाठी याच शब्दापासून बनलेले क्रियापद आजही वापरतात. युरोपीय प्रवाशांनी मात्र एकट्या माणसाने भर वस्तीत केलेली कत्तलच प्रामुख्याने नोंदवली. दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीजाने 1516च्या सुमारास, खंजीर घेऊन रस्त्यावर उतरणाऱ्या आणि भेटेल त्याला मारणाऱ्या जावा बेटावरील (आजच्या इंडोनेशियातील) माणसांबद्दल लिहिले. 17व्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रयोग इंग्रजीत लाक्षणिक अर्थानेही दिसू लागतो. ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक यांचे जहाज 1770मध्ये बटाव्हियाला (आजचे जाकार्ता) थांबले होते. त्या सफरीच्या वृत्तांतात असे हल्ले अफूच्या नशेत होतात असे म्हटले आहे, आणि हल्लेखोराला शस्त्राच्या टप्प्याबाहेरून पकडण्यासाठी शिपायांकडे मोठे चिमटे असत अशीही माहिती आहे.

वसाहतीच्या काळात या शब्दावर फार अन्यायकारक ओझे लादले गेले. मलय माणूस स्वभावतःच असा, असे सर्रास लिहिले जाई. कुणी अफूला दोष देई, कुणी हवामानाला, कुणी धर्माला. 1846मध्ये आजच्या मलेशियातील पेनांग येथे घरे बांधणाऱ्या एका प्रतिष्ठित मलय कारागिराने अनेकांना ठार केले. त्याची पत्नी आणि एकुलते मूल नुकतेच दगावले होते. ब्रिटिश न्यायाधीशाने कृत्याचे मूळ त्याच्या धर्मात शोधले आणि काही दिवसांतच त्याला फाशी झाली. त्या दुःखाकडे पाहण्याची गरज कुणाला वाटली नाही, हे या प्रकरणातले सर्वांत क्लेशदायक आहे.

पुढे मानसोपचारशास्त्राने याचा स्वतंत्र विचार केला. काही काळ मनात कुढणे, मग एकाएकी हिंसेचा उद्रेक, शेवटी गळून जाणे आणि घडलेले न आठवणे, असा क्रम वर्णिलेला आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 1994च्या निदान-पुस्तिकेत अमॉक ‘संस्कृतिबद्ध विकारां’च्या, म्हणजे विशिष्ट संस्कृतीशी जोडलेल्या मानल्या जाणाऱ्या विकारांच्या, यादीत होता, 2013च्या आवृत्तीतील अशा संकल्पनांच्या सूचीत तो नाही. अशी कृत्ये इतर समाजांतही घडतात, त्यामुळे ते एकाच लोकसमूहाचे वैशिष्ट्य मानणे टिकणारे नव्हते.

आजच्या इंग्रजीत या वाक्प्रचाराची धार बोथट झाली आहे. पाहुण्यांच्या घरात धुडगूस घालणारी मुले, बिघडलेला संगणक-प्रोग्रॅम, लगाम सुटलेली कल्पनाशक्ती, निर्बंध न पाळणारी नोकरशाही, सगळ्यांसाठी तो चालतो. हा प्रयोग अकर्मक आहे, म्हणजे ‘कुणाला अमॉक केले’ असे म्हणता येत नाही. नुसता राग अनावर होण्यालाही तो लागू पडत नाही. एखादा खुर्चीत बसून ओरडला, तर त्यासाठी ‘लूज वन्स टेम्पर’ योग्य. इथे संचार हवा, आणि वाटेत येणाऱ्याची नासधूस हवी. म्हणून मराठीत ‘संतापणे’पेक्षा ‘थैमान घालणे’, ‘उच्छाद मांडणे’ किंवा ‘मोकाट सुटणे’ जवळचे ठरते. हिंसेच्या वर्णनात ‘दिसेल त्याच्यावर वार करत सुटणे’ असे स्पष्ट लिहिणेच बरे.