टॅप चेंजर निवडताना फक्त अँपिअर पाहू नका

भार दिवसभर कमी-जास्त होतो आणि त्यासोबत व्होल्टेजही खाली-वर होतं. ते सावरायचं तर ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधले काही वेढे वाढवायचे किंवा कमी करायचे, पण प्रवाह क्षणभरही तुटू द्यायचा नाही. ऑन-लोड टॅप चेंजर हेच करतो. जुना टॅप (वाइंडिंगमधून बाहेर काढलेलं जोडटोक) सुटण्याआधी नवा धरावा लागतो, म्हणजे थोडा वेळ दोन्ही टॅप एकमेकांना जोडलेले राहतात. मध्ये काहीच नसेल तर तेवढ्या वेढ्यांचं शॉर्ट सर्किट होईल. म्हणून तिथे रोध घालतात. बर्नहार्ड यान्सेन या जर्मन अभियंत्याची १९२७ सालची ही कल्पना आजही टिकून आहे.

आता निवडीकडे येऊ. समजा, ५० एमव्हीए (मेगाव्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा, १३२/३३ केव्हीचा स्टार जोडणीचा ट्रान्सफॉर्मर आहे. उच्चदाब बाजूला प्रवाह सुमारे २१९ अँपिअर. मग २२० चा टॅप चेंजर पुरेल? नाही. उणे १० टक्के टॅपवरही, म्हणजे वेढे दहा टक्के कमी असतानाही, पूर्ण क्षमता हवी असेल, तर प्रवाह २४३ अँपिअरवर जातो. मोजायचा तो हा, सर्वांत वाईट टॅपवरचा.

पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पायरीचं, म्हणजे शेजारच्या दोन टॅपमधलं, व्होल्टेज. दर पायरी १.२५ टक्के धरली तर फेजला साधारण ९५० व्होल्ट येतात. स्विच उघडताना संपर्कांमध्ये जी ठिणगी पडते, तिची तीव्रता प्रवाह आणि हे व्होल्टेज या दोघांवर मिळून ठरते. त्यांच्या गुणाकाराला पायरीची क्षमता म्हणतात. इथे ती सुमारे २३० केव्हीए. पायऱ्या कमी करून प्रत्येक पायरी मोठी केली, तर अँपिअर तेवढेच राहूनही टॅप चेंजर अपुरा पडू शकतो.

टॅप ३३ केव्ही बाजूला घेतले, तर हाच गुणाकार ८७५ अँपिअरच्या आसपास सांभाळावा लागेल आणि संपर्क जाडजूड होतील. म्हणून टॅप सहसा उच्चदाब बाजूला, शक्य तिथे न्यूट्रलच्या टोकाशी (तिन्ही फेज एकत्र जोडलेल्या बिंदूशी) ठेवतात. तिथे जमिनीपासूनचं इन्सुलेशनही कमी लागतं.

रोधाचं मूल्यही प्रवाह आणि पायरीचं व्होल्टेज या दोन आकड्यांवरूनच त्या-त्या ट्रान्सफॉर्मरसाठी काढलेली असते. त्यामुळे बाहेरून हुबेहूब दिसणारा टॅप चेंजर दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून काढून बसवणं धोक्याचं आहे. शिवाय हा रोध फार वेळ प्रवाह सोसू शकत नाही. मोटर आधी स्प्रिंग ताणते आणि स्प्रिंग एका झटक्यात डायव्हर्टर स्विच (प्रवाह जुन्या टॅपवरून नव्यावर वळवणारा) फिरवते, तेलातल्या प्रकारात साधारण ४० ते ६० मिलिसेकंदांत. मध्येच अडकलं तर रोध जळतो.

जादा भाराचा विचारही आधीच करावा. आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोग) ६०२१४-१ या मानकात दुप्पट प्रवाह तोडण्याची चाचणी आहे, पण म्हणून दुप्पट भारावर रोज टॅप बदलावेत असं नाही. कमाल प्रवाहावर ५०,००० वेळा टॅप बदलण्याची चाचणीही त्यात आहे. आर्क भट्टीच्या (पोलाद वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीच्या) ट्रान्सफॉर्मरला टॅप सतत बदलावे लागतात. तिथे व्हॅक्यूम प्रकार घ्यावा, कारण त्यात ठिणगी बंद निर्वात बाटलीतच विझते आणि तेल काळवंडत नाही.