युक्तिवादलेखन आणि विरामचिन्हे

एखादे मत कारणे व पुरावे देऊन वाचकाला पटवून देणारे लेखन म्हणजे युक्तिवादलेखन. वक्तृत्व आणि विरामचिन्हे यांचे नाते जुने आहे. ग्रीक वक्तृत्वशास्त्रात ‘कोम्मा’ म्हणजे वाक्याचा लहान तुकडा, ‘कोलोन’ म्हणजे त्याचा अवयव आणि ‘पेरिओडोस’ म्हणजे फेरा पूर्ण करणारे वाक्य. तुकड्यांची ही नावे पुढे ते तोडणाऱ्या खुणांनाच चिकटली: इंग्रजीतले कॉमा, कोलन, पीरियड.

मन वळवण्याचे तीन मार्ग अ‍ॅरिस्टॉटलने सांगितले: वक्त्याची विश्वासार्हता (ईथॉस), श्रोत्यांच्या भावना (पॅथॉस) आणि तर्क (लोगॉस). न्यायदर्शन या भारतीय तर्कपरंपरेत अनुमानाचे अवयव पाच: प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (उदाहरणातला नियम समोरच्या बाबीला लावणे), निगमन (निष्कर्ष). ‘परीक्षा पुढे ढकलावी, कारण पुस्तके उशिरा मिळाली’ या वाक्यात प्रतिज्ञा आहे, हेतूही आहे. पण ‘पुस्तकांशिवाय तयारी होत नाही’ हे गृहीतच धरलेले आहे. प्रतिपक्ष नेमका तिथे बोट ठेवतो: टिपणे तर महिनाभर आधीच मिळाली होती! न्यायदर्शनात ही व्याप्ती, म्हणजे हेतूला प्रतिज्ञेशी जोडणारा सर्वसाधारण नियम, उदाहरणासह मांडावी लागते. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीव्हन टुलमिन यांनी १९५८ साली दावा आणि आधार यांना जोडणाऱ्या अशाच दुव्याला ‘वॉरंट’ म्हटले. विद्यार्थ्यांच्या निबंधांत अनेकदा गळतो तो हाच दुवा.

मराठीत आज वापरली जाणारी बहुतेक विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून आली. ती रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. त्याआधी पोथ्यांत दंडावर, म्हणजे उभ्या रेघेवर (।), भागत असे. पूर्णविराम विधान संपवतो. अर्धविराम दोन पूर्ण विधाने एकमेकांना बांधून ठेवतो, म्हणून ‘पण’, ‘म्हणून’, ‘तरीही’ यांच्या आधी तो शोभतो. अपूर्णविराम पुढे यादी किंवा स्पष्टीकरण येणार असल्याचे सांगतो.

अवतरणचिन्हे मात्र जपून वापरावीत. दुहेरी चिन्हांत दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे येतात, एकेरी चिन्हांत लक्ष वेधायचा शब्द. ‘हे म्हणे ‘तज्ज्ञ’!’ असे लिहिले की एकही कारण न देता समोरच्याची टर उडवता येते. याला युक्तिवाद म्हणत नाहीत. लोपचिन्हाचा गैरवापर त्याहून वाईट. मूळ वाक्य “योजना चांगली आहे, पण अपुरी आहे” असताना “योजना चांगली आहे…” एवढेच उद्धृत केले, तर तीन टिंबांत सगळी हरकत गिळली जाते.