आकारस्मृती मिश्रधातू : चूर्ण पद्धतीतील प्रावस्थांतर

वाकवलेली तार तापवताच मूळ आकारात येते, हा आकारस्मृती मिश्रधातूंचा गुण ऑस्टेनाइट (जास्त तापमानाचे रूप) व मार्टेन्साइट (कमी तापमानाचे रूप) या दोन घन प्रावस्थांमधील, म्हणजे वेगळ्या स्फटिकरचनांमधील, परिवर्तनीय रूपांतरामुळे येतो. या रूपांतरात अणू दूर सरकत नाहीत. स्फटिकाची सगळी जाळीच कलते. निकेल-टिटॅनियममध्ये सुमारे ८ टक्क्यांपर्यंतची विकृती (ताणल्याने किंवा वाकवल्याने झालेला आकारबदल) अशी भरून निघते.

शोधाच्या वर्षाबद्दल एकमत नाही. आर्ने ओलँडर यांनी १९३२ मध्ये सोने-कॅडमियममध्ये नोंदवलेले रबरासारखे वर्तन काही लेखक आरंभ मानतात. मात्र रबरासारखी लवचिकता आणि तापवून आकार परतणे या दोन गोष्टी वेगळ्या असल्याने त्याच मिश्रधातूवरील चँग व रीड यांचे १९५१ चे काम आरंभ मानणे अधिक सयुक्तिक ठरते. निकेल-टिटॅनियमचा हा गुण १९६० च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर व सहकाऱ्यांच्या लक्षात आला. या मिश्रधातूच्या ‘निटिनॉल’ या नावाच्या शेवटी त्या प्रयोगशाळेची आद्याक्षरे आहेत.

निटिनॉल थंड होताना कधीकधी ऑस्टेनाइट व मार्टेन्साइटच्या मध्येच ‘आर-प्रावस्था’ दिसते. ती पूर्वी केवळ मार्टेन्साइटची पूर्वतयारी समजली जाई. आज ते स्वतंत्र मार्टेन्साइटी रूपांतर मानतात. तिच्यात तापताना व निवतानाच्या रूपांतर-तापमानांत काही अंशांचाच फरक असतो, नेहमीच्या मार्टेन्साइटमध्ये तो बहुधा २० ते ४० अंश. सोलापुरात मे महिन्यातील दुपारी पारा चाळिशीपार जातो. ३५° से.ला पूर्ण ऑस्टेनाइट होणारी तार तेव्हा आपोआप सरळ होईल. पण तिला पुन्हा मार्टेन्साइट करायला तिथली थंडीतील पहाटही पुरेलच असे नाही. वर्गातील प्रात्यक्षिकाला गरम पाण्याबरोबर बर्फही जवळ ठेवलेला बरा.

चूर्ण पद्धतीत निकेल व टिटॅनियमची पूड मिसळून, साच्यात दाबून, निर्वातात किंवा आर्गॉनमध्ये तापपिंडन करतात, म्हणजे पूड न वितळवता तापवून कण सांधतात. सोलापुरी शेंगाचटणी मुठीत दाबली की तेलामुळे गोळा धरते. इथे कण एकमेकांत रुतल्याने गोळा टिकतो, खरी सांधणी भट्टीतच होते. दोन्ही धातूंचे विसरण (अणूंचे एकमेकांत शिरणे) सारख्या वेगाने होत नाही, त्यामुळे छिद्रे पडतात आणि निकेलबहुल व टिटॅनियमबहुल संयुगांचे पट्टे मागे राहतात. सुमारे ९४२° से.ला टिटॅनियमबहुल भागात द्रव तयार होतो. तापवण्याचा वेग चुकला तर गोळ्याचा आकारच बिघडतो.

रूपांतराचे तापमान संघटनावर (घटकांच्या प्रमाणावर) विलक्षण अवलंबून असते. अणुप्रमाणात निकेल ५० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर दर ०.१ टक्का वाढीमागे ते साधारण १० अंशांनी उतरते. पुडीच्या पृष्ठभागावरील ऑक्सिजन टिटॅनियमला ऑक्साइडात अडकवतो, उरलेली धातू निकेलबहुल होते आणि तापमान आणखी खाली जाते. कणाकणाचे संघटन वेगळे असल्याने डीएससी (तापवताना-निववताना नमुना किती उष्णता घेतो वा सोडतो हे मोजणारी चाचणी) आलेखात एका टोकदार शिखराऐवजी पसरट उंचवटा दिसतो. असा आलेख पाहून ‘रूपांतर क्षीण आहे’ म्हणण्याआधी पुडीतील ऑक्सिजन मोजावा.

पुडींचे मिश्रण एका टोकाला पेटवून स्वयंप्रसारी (आपोआप पुढे सरकणाऱ्या) ज्वलनाने केलेली सच्छिद्र निटिनॉल हाडातील रोपणांसाठी अभ्यासली जाते. छिद्रांमुळे तिची ताठरता हाडाच्या जवळ येते. तांब्यावर आधारित मिश्रधातूंत चूर्ण पद्धतीचा लाभ मुख्यतः स्फटिककण बारीक ठेवण्यापुरता आहे. ओतकामात ते मोठे होऊन धातू ठिसूळ होते.