अंग वर बसवलं, मग लघवी का सुटते? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

‘अंग बाहेर येतं’, म्हणजे गर्भाशय किंवा योनीची भिंत खाली सरकून बाहेर डोकावते, हे वाक्य बायका दवाखान्यात अगदी हळू आवाजात, बरोबरचं माणूस बाहेर गेल्यावर सांगतात. त्याहून हळू सांगायची गोष्ट म्हणजे लघवीची. मूत्राशय योनीच्या पुढच्या भिंतीला घेऊन खाली उतरलेलं असतं, त्यामुळे लघवी अडते. कित्येकजणी वर्षानुवर्षं बोटानं तो गोळा आत ढकलतात, तेव्हा कुठे धार लागते. मग शस्त्रक्रिया होते, गोळा जातो, धार मोकळी होते. आणि महिन्याभरात एक दिवस शिंक येते आणि परकर ओला होतो. ‘ऑपरेशन बिघडलं’ असंच त्या बाईला वाटतं. घरच्यांनाही तसंच वाटतं.

बहुतेक वेळा खरी गोष्ट वेगळी असते. मूत्राशय खाली लोंबतं तेव्हा मूत्रमार्ग जागच्या जागी मुडपतो आणि पाण्याची रबरी नळी दुमडावी तसं होतं. मूत्रमार्गाचा आधार बाळंतपणांत आधीच सैल झालेला असतो, पण नळीच दुमडलेली असल्यामुळे खोकल्या-शिंकल्यावर थेंब बाहेर येत नाही. सर्जन भिंत वर उचलतो, नळी सरळ होते आणि आजवर झाकलेली गळती उघडी पडते. डॉक्टर तिला छुपी गळती म्हणतात. एवढी साधी गोष्ट सर्जनांच्या विचारात पक्की बसायला विसावं शतक जवळजवळ संपावं लागलं. असं का झालं, ते समजून घेण्यासारखं आहे.

आजार जुनाच. सुश्रुतसंहितेत योनी जागेवरून सरकण्याच्या विकाराला ‘प्रस्रंसिनी’ हे नाव आहे. ग्रीक वैद्य अर्धं डाळिंब आत बसवून अंग थोपवत. पुढे मेणाच्या, लाकडाच्या, रबराच्या आणि आता सिलिकॉनच्या कड्या आल्या. या सगळ्या काळात उपायाची कसोटी एकच होती : बाहेर दिसतं की दिसत नाही. दिसणं थांबलं की बाई बरी झाली असं धरत.

शस्त्रक्रिया रुळली तेव्हाही कसोटी तीच राहिली. १८८८ च्या सुमारास मँचेस्टरमध्ये आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनी योनीच्या भिंती आवळून आणि लांबलेलं गर्भाशयमुख कापून अंग वर बसवायला सुरुवात केली. फोदरगिल यांनी या शस्त्रक्रियेत सुधारणा केली आणि ‘मँचेस्टर ऑपरेशन’ जगभर गेलं. पिशवी न काढता होणारं म्हणून ते आपल्याकडेही पुष्कळ झालं.

मला या इतिहासात सर्वांत खटकते ती १९०९ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या जॉर्ज व्हाइट यांनी लिहिलं, की मूत्राशय खाली येतं ते भिंत मधोमध ताणली गेल्यामुळेच असं नाही. ती कडेला, ओटीपोटाच्या बाजूच्या पडद्यापासून सुटलेली असते, म्हणून तिथेच परत शिवा. चारच वर्षांनी, १९१३ मध्ये, बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली यांनी मूत्राशयाच्या मानेखाली मधोमध टाके घेऊन गळती थांबवण्याची युक्ती सांगितली. केलींचं नाव मोठं आणि युक्ती सोपी. अंग बाहेर येणं आणि लघवी सुटणं, दोन्हींवर मधोमध टाके हाच रिवाज होऊन बसला. व्हाइट यांचं म्हणणं मागे पडलं ते १९७६ पर्यंत. त्या वर्षी कलन रिचर्डसन यांनी कडेचा सुटलेला आधार पुन्हा दाखवून दिला. मधल्या सदुसष्ट वर्षांत किती बायकांना नको त्या जागी टाके पडले असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. गळतीसाठी केलींचे टाके फार दिवस टिकत नाहीत, हेही नंतरच्या तुलनांत दिसून आलं.

आपल्याकडचा धागा इथेच येतो. गोव्यातल्या शिरोड्यात १८९९ साली जन्मलेले आणि मुंबईत काम केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर गर्भ टिकावा म्हणून गर्भाशयमुखाला घालायच्या टाक्यासाठी जगाला माहीत आहेत. पण त्यांनी तरुण बायकांच्या अंग बाहेर येण्यावरही शस्त्रक्रिया बेतली. गर्भाशयमुखाला पट्टी लावून ती मागे माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला बांधायची, म्हणजे पिशवीही राहते आणि पुढे मूल होण्याची वाटही राहते. मुंबईतच पुरंदरे यांच्या नावाची पद्धत आली, तिच्यात पट्टी पुढे पोटाच्या पडद्याला बांधतात. या दोन्ही पद्धतींमागे इथलं वास्तव होतं. लवकर लग्न, पाठोपाठ बाळंतपणं आणि बाळंतिणीनं पंधरा दिवसांत पुन्हा उचललेली पाण्याची घागर, यामुळे पंचविशीतल्या मुलींना हा त्रास होत होता. त्यांची पिशवी काढून टाकणं परवडणारं नव्हतं. या कल्पकतेचा मला मनापासून अभिमान वाटतो. मात्र अशा ओढून बांधण्याची एक किंमत असते. योनी पुढे ओढली की मागची बाजू उघडी पडते आणि तिथून आतडं उतरू शकतं. ती मागे जास्त ओढली की पुढची, म्हणजे मूत्राशयाची, बाजू ताणाखाली येते.

आधाराचा हा तोल नीट मांडला तो मिशिगनच्या जॉन डिलॅन्सी यांनी. शवविच्छेदनं करून १९९२ मध्ये त्यांनी योनीचा आधार तीन पातळ्यांत समजावला : वर टांगणारे बंध, मध्ये कडेचे पडदे, खाली मूत्रमार्गाशी एकजीव झालेला भाग. दोन वर्षांनी त्यांनी दाखवलं, की मूत्रमार्गाखाली झोळीसारखा पडदा असतो आणि खोकताना मूत्रमार्ग त्या झोळीवर दाबला जाऊन बंद होतो. अंग वर टांगणं हे एक काम आणि झोळी घट्ट असणं हे दुसरं, हे तेव्हा स्पष्ट झालं. पहिलं केल्यानं दुसरं आपोआप होत नाही. स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी १९९६ मध्ये मूत्रमार्गाच्या मध्याखाली सैल ठेवायची पॉलिप्रॉपिलिनची बारीक पट्टी आणली, ती याच समजुतीच्या जवळची.

मग प्रश्न उरला, की ज्या बाईला आधी गळती नाहीच तिला अंग बसवतानाच ही पट्टी किंवा तसा दुसरा आधार द्यावा का? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत पोटातून अंग टांगताना निम्म्या बायकांत मूत्राशयाच्या मानेलाही आधाराचे टाके घातले. तीन महिन्यांनी टाके घातलेल्यांत २३.८ टक्के आणि न घातलेल्यांत ४४.१ टक्के बायकांना गळती होती. २०१२ मध्ये योनीतून केलेल्या शस्त्रक्रियांची अशीच चाचणी आली. तिच्यात पट्टी न घातलेल्या बायकांच्या पोटावरही खोटे छेद दिले होते, म्हणजे कुणाला काय केलं ते कळू नये. तीन महिन्यांनी गळती किंवा तिच्यावरचे उपचार पट्टीवाल्या गटात २३.६ टक्के, दुसऱ्या गटात ४९.४ टक्के. वर्षाच्या शेवटी हा फरक २७.३ आणि ४३ असा उरला. म्हणजे एकीची गळती टाळायला सुमारे सहाजणींना पट्टी घालावी लागते. आणि पट्टीवाल्या गटात मूत्राशयाला भोक पडणं, लघवीचा जंतुसंसर्ग आणि लघवी पुरती न होणं हे सगळं जास्त होतं.

म्हणून ‘सगळ्यांना घाला’ हे उत्तर मला पटत नाही. शस्त्रक्रियेआधी मूत्राशय भरलेलं असताना गोळा आत धरून बाईला खोकायला सांगायचं, छुपी गळती दिसते का पाहायचं, आणि मग पट्टी आत्ता की गरज पडली तर काही महिन्यांनी, हे तिच्याशी बोलून ठरवायचं. अंग बसवण्यासाठी योनीतून घालायच्या मोठ्या जाळीची विक्री अमेरिकेत २०१९ मध्ये थांबवली गेली. गळतीची बारीक पट्टी त्या आदेशात नव्हती. दोन्हींना ‘जाळी’ म्हटलं जात असल्यानं बायका घाबरतात, म्हणून डॉक्टरांनी नेमकं काय घालणार ते नाव घेऊन सांगायलाच हवं.

गळतीच्या उलट बाजूला लघवी तुंबणं आहे. पुढची भिंत शिवल्यावर सूज, दुखणं आणि भूल यांमुळे पहिले काही दिवस मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही. त्या धास्तीनं पूर्वी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, पाच-पाच दिवस ठेवत. २००४ मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीत दुसऱ्या दिवशी सकाळीच काढलेली नळी आणि काही दिवस ठेवलेली नळी यांची तुलना झाली. लवकर काढलेल्या काहीजणींना ती पुन्हा घालावी लागली, पण जंतुसंसर्ग खूपच कमी झाला. आता अनेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी सकाळीच नळी काढायच्या आधी सिस्टर तिच्यातूनच सुमारे ३०० मिली सलाइन मूत्राशयात सोडते, नळी काढते आणि बाईला मापाचं भांडं देऊन संडासात पाठवते. भांड्यात २०० मिलीच्या आसपास आलं, तर पुन्हा नळी लागत नाही. ज्या बाईनं दहा वर्षं बोटानं गोळा ढकलून लघवी केली, ती त्या दिवशी पहिल्यांदा हात न लावता मोकळी होते. आणि ते भांडं हातात घेऊन ती सिस्टरला विचारते, ‘एवढी पुरते ना?’