आधी सही मग ट्रेड, की आधी ट्रेड मग सही? एनएचएलमधले दोन वेगळे व्यवहार

आपल्याकडे नुसतं हॉकी म्हटलं की हिरवं टर्फ डोळ्यांसमोर येतं. इथे विषय आहे बर्फावरच्या हॉकीचा, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या एनएचएलचा (नॅशनल हॉकी लीग). टोरंटो, कॅलगरी किंवा डॅलसमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलं या लीगचे सामने बघत मोठी होतात आणि जून-जुलै आला की घरात वाद सुरू होतो: अमुक खेळाडूला विकला तो बरोबर की चूक, आणि त्याला मिळालेला आठ वर्षांचा करार महागडा की स्वस्त. या वादात दोन व्यवहार सर्रास एकच समजले जातात. बातमीचा मथळा दोन्हीकडे सारखाच असतो: ‘खेळाडू दुसऱ्या संघात, सोबत आठ वर्षांचा करार’. पण एकात सही जुन्या संघाकडे होते आणि मग ट्रेड (संघांमधली खेळाडूंची देवाणघेवाण) होतो, तर दुसऱ्यात ट्रेड आधी होतो आणि सही नव्या संघाकडे होते. हा क्रम कळला नाही, तर कोणी किती किंमत मोजली याचा हिशेब चुकतो.

पहिला प्रकार म्हणजे साइन-अँड-ट्रेड. त्याचं ठळक उदाहरण मॅथ्यू काचकचं आहे. 2022 च्या उन्हाळ्यात कॅलगरी फ्लेम्ससोबतचा त्याचा करार संपला होता. तो ‘रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट’ होता. म्हणजे करार संपला तरी त्याच्यावरचा हक्क कॅलगरीकडेच राहिला होता, पण आणखी एका वर्षाने तो पूर्ण मोकळा झाला असता. कॅलगरीने क्लबतर्फे वेतन-लवादासाठी (पगार तटस्थ लवादाने ठरवावा म्हणून) अर्ज केला, त्यामुळे इतर संघांना त्याला परस्पर ऑफर शीट (कराराचा प्रस्ताव) देता येईना. काचकने मात्र दीर्घ करार करणार नाही असं संघाला कळवलं. त्याच्या काही दिवस आधीच कॅलगरीचाच जॉनी गॉड्रो पूर्ण मोकळा होऊन कोलंबसला गेला होता, सात वर्षांच्या 6 कोटी 82 लाख 50 हजार डॉलरच्या करारावर, आणि कॅलगरीच्या हाती त्याच्या बदल्यात काहीही आलं नव्हतं. तेच पुन्हा होऊ देणं क्लबला परवडणारं नव्हतं.

22 जुलै 2022 ला मार्ग निघाला. काचकने आठ वर्षं, 7 कोटी 60 लाख डॉलर, म्हणजे वर्षाला सरासरी 95 लाख, अशा करारावर सही केली ती कॅलगरीचा खेळाडू म्हणून, आणि लगेच तो करारासह फ्लोरिडा पँथर्सकडे गेला. बदल्यात कॅलगरीला जोनाथन ह्युबर्डो, मॅकेन्झी वीगर, कोल श्विंट आणि 2025 चा अटी घातलेला पहिल्या फेरीचा ड्राफ्ट पिक (नव्या खेळाडूंमधून एक निवडण्याची संधी) मिळाला.

कॅलगरीत राहायचंच नाही, मग सही कॅलगरीकडे कशाला? उत्तर आठव्या वर्षात आहे. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या तेव्हाच्या सामूहिक करारानुसार संघ आपल्या खेळाडूला जास्तीत जास्त आठ वर्षं देऊ शकत होता आणि बाहेरच्याला सात. ‘आपला खेळाडू’ कोण, याची कसोटीही ठरलेली आहे: ज्या मोसमात खेळाडूचा करार संपतो, त्या मोसमाच्या ट्रेड डेडलाइनला (ट्रेडसाठी ठरलेल्या शेवटच्या दिवशी) तो ज्या संघाच्या यादीत असेल, त्या संघाचा. 2022 च्या डेडलाइनला काचक कॅलगरीकडे होता. फ्लोरिडाने नुसते त्याचे हक्क घेतले असते, तर सातच्या पुढे जाता आलं नसतं.

या एका वर्षाची किंमत आकड्यांत बघा. सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेत, दरवर्षी मोजली जाते ती कराराची सरासरी, म्हणजे कॅप हिट. त्या वर्षी हातात पडणारा पगार त्यापेक्षा कमी-जास्त असू शकतो. एकूण 8 कोटी 40 लाख डॉलर सात वर्षांत वाटले तर कॅप हिट 1 कोटी 20 लाख येतो. तेच आठ वर्षांत वाटले तर 1 कोटी 5 लाख. दरवर्षी 15 लाख डॉलर मोकळे झाले, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या फळीतल्या एखाद्या खेळाडूचा पगार निघाला. खेळाडूलाही फायदा, कारण तिशी उलटल्यावर एक वर्ष जास्त हमीचं मिळतं.

दुसरा प्रकार म्हणजे आधी ट्रेड, मग मुदतवाढ. इथे खेळाडू चालू करारासह जातो, आणि त्याचं भवितव्य नव्या संघाने त्याच्याशी बोलून ठरवायचं असतं. ज्यांना आयपीएलची सवय आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. हार्दिक पांड्या गुजरातहून मुंबईला गेला तेव्हा बदललेल्या फ्रँचायझीकडे त्याचा चालू हिशेब गेला, पुढची सात-आठ वर्षं बांधली गेली नाहीत. एनएचएलमध्ये मोठा खेळाडू कराराच्या शेवटच्या वर्षात असा गेला की नव्या संघाच्या डोक्यावर घड्याळ टिकटिक करू लागतं.

मिक्को रँटानेन हे त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण, कारण सहा आठवड्यांत तो दोनदा असा गेला. 24 जानेवारी 2025 ला कोलोरॅडोने त्याला कॅरोलायनाकडे पाठवलं. तिथून मार्टिन नेचस, जॅक ड्र्युरी आणि दोन ड्राफ्ट पिक कोलोरॅडोला मिळाले. रँटानेनचा कॅप हिट 92 लाख 50 हजार डॉलर होता. मध्ये तिसरा संघ म्हणून आलेल्या शिकागोने त्याचा निम्मा भाग, 46 लाख 25 हजार, आपल्या खात्यावर ठेवला. नवा करार मात्र कोणाच्याही हातात नव्हता. कॅरोलायनासाठी तो 13 सामने खेळला, त्यात 2 गोल आणि 4 असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला साहाय्य) झाले, आणि दीर्घ करार काही जमला नाही.

आता कॅरोलायनासमोर कॅलगरीचाच प्रश्न उभा होता: 1 जुलैला, म्हणजे करार संपून खेळाडू मोकळे होतात त्या दिवशी, तो हातातून निसटला तर? 7 मार्चला, डेडलाइनच्याच दिवशी, त्याला डॅलसला दिलं गेलं आणि बदल्यात लोगन स्टँकोव्हन, पहिल्या फेरीचे अटी घातलेले दोन पिक आणि तिसऱ्या फेरीचे दोन पिक आले. डॅलसने त्याच्याशी आठ वर्षांचा, 9 कोटी 60 लाखांचा करार केला. इथे आठवं वर्ष कसं मिळालं? वरची कसोटी लावा. करार संपणाऱ्या मोसमाच्या डेडलाइनला तो डॅलसच्या यादीत होता. हाच ट्रेड डेडलाइननंतर झाला असता, किंवा जूनमध्ये नुसते हक्क घेतले असते, तर सातच वर्षं देता आली असती.

हक्क घेण्याचा हा तिसरा प्रकार लोक पहिल्यात मिसळतात, म्हणून जेक गेन्ट्झेल आणि मिच मार्नर शेजारी ठेवून बघावेत. 30 जून 2024 ला टँपा बेने कॅरोलायनाकडून गेन्ट्झेलचे हक्क तिसऱ्या फेरीच्या एका पिकवर घेतले आणि त्याला सात वर्षं, वर्षाला 90 लाख दिले. डेडलाइनला तो कॅरोलायनाचा होता, त्यामुळे टँपाला सातची मर्यादा. पुढच्या वर्षी नेमक्या त्याच वळणावर, 1 जुलैच्या तोंडावर, मार्नरची सही टोरंटोकडे झाली आणि मग तो व्हेगास गोल्डन नाइट्सकडे गेला. आठ वर्षं, 9 कोटी 60 लाख. टोरंटोला निकोलस रॉय मिळाला. मार्नर काही तासांत मोकळाच होणार होता, तरी व्हेगासने एक खेळाडू मोजला, आणि आठवं वर्ष हे त्यामागचं मोठं कारण. ‘तसाही येणारच होता, रॉय फुकट दिला’ ही तक्रार त्यामुळे टिकत नाही.

आता जोखमीकडे या, कारण सगळ्या वादाचं मूळ तिथे आहे. साइन-अँड-ट्रेडमध्ये घेणाऱ्या संघाला पहिल्याच दिवशी माहीत असतं की वर्षाला किती आणि किती वर्षं. म्हणून किंमत जास्त पडते. जुन्या संघाने एजंटला बोलण्याची परवानगी दिल्याशिवाय नवा संघ कराराचा शब्दही काढू शकत नाही, आणि खेळाडूने सही केल्याशिवाय व्यवहार होतच नाही. खेळाडूची संमती त्यात आपोआप येते. नुसत्या ट्रेडमध्ये, करारात नो-मूव्ह किंवा नो-ट्रेडचं कलम (संमतीशिवाय हलवता न येण्याची अट) नसेल, तर त्याला कोणी विचारत नाही. रात्री एका शहरात झोपलेला माणूस सकाळी दुसऱ्या संघाचा असतो. अशा माणसाकडून सहा आठवड्यांत आठ वर्षांची सही मिळेलच असं धरून चालणं धोक्याचं.

पगार रोखून ठेवण्याचा नियमही दोन्हीकडे वेगळा लागतो, आणि इथे चाहत्यांचा गोंधळ सर्वांत जास्त होतो. देणारा संघ कॅप हिटचा जास्तीत जास्त निम्मा भाग आपल्याकडे ठेवू शकतो, पण तो त्या कराराच्या अखेरपर्यंत. शिकागोने रँटानेनचा भाग ठेवला तो संपत आलेल्या करारापुरता. 2025-26 पासून सुरू झालेले वर्षाचे 1 कोटी 20 लाख पूर्णपणे डॅलसचे, कारण मुदतवाढ हा कागदावर स्वतंत्र करार असतो. उलट साइन-अँड-ट्रेडमध्ये भाग ठेवायचा तर तो आठही वर्षं ठेवावा लागेल. म्हणून ‘कॅलगरीने काचकचा थोडा पगार का नाही उचलला’ हा प्रश्न गैरलागू आहे.

दुसऱ्या प्रकारात चूक कशी होते ते ह्युबर्डोवरून कळतं. काचकच्या ट्रेडमध्ये तो वर्षाला 59 लाखांच्या करारावर, एक वर्ष शिल्लक असताना आला. 2021-22 मध्ये त्याने 115 गुण (गोल आणि असिस्ट मिळून) केले होते. ऑगस्ट 2022 मध्ये, कॅलगरीच्या जर्सीत एकही सामना खेळण्याआधी, त्याला आठ वर्षांची 8 कोटी 40 लाखांची मुदतवाढ दिली गेली. पुढच्या मोसमात त्याचे गुण 55 झाले. ट्रेड आणि मुदतवाढ हे दोन वेगळे निर्णय होते, त्यांना वेगवेगळे गुण द्यायला हवेत. ट्रेड म्हणून कॅलगरीची कमाई त्या दिवशी चांगलीच होती, कोपऱ्यात सापडलेल्या संघाला इतकं क्वचित मिळतं. घाई झाली ती मुदतवाढीत. थांबले असते तर एक मोसम बघता आला असता. पण गॉड्रोसारखा तोही मोकळा होऊन जाईल ही भीती होती, आणि ती खोटी नव्हती.

कॅरोलायनाने उलट केलं. सही मिळत नाही म्हटल्यावर डेडलाइनच्या आत पुन्हा विकलं. 1 जुलै 2025 ला त्यांनी स्टँकोव्हनशी आठ वर्षांचा, वर्षाला 60 लाखांचा करार केला. रँटानेनच्या सहीच्या निम्म्या कॅप हिटवर एक तरुण फॉरवर्ड बांधला गेला. कोलोरॅडोच्या चाहत्यांचं दुःख वेगळं: 3 मे 2025 ला प्लेऑफच्या पहिल्या फेरीतल्या सातव्या सामन्यात रँटानेनने तिसऱ्या पीरियडमध्ये हॅटट्रिक करून त्यांनाच बाहेर काढलं. तो राग समजण्यासारखा आहे, पण त्यावरून डॅलसचा करार स्वस्त ठरत नाही. करार तोलायचा तर तो सुरू होणाऱ्या वर्षाच्या कॅपशी तोलावा. 2025-26 चा कॅप 9 कोटी 55 लाख, त्यात 1 कोटी 20 लाख म्हणजे साडेबारा टक्क्यांच्या जरा वर. काचकचे 95 लाख 2022-23 च्या 8 कोटी 25 लाखांच्या कॅपमध्ये साडेअकरा टक्के. नुसते डॉलर शेजारी मांडले तर फरक पंचवीस लाखांचा दिसतो, कॅपच्या प्रमाणात तो एका टक्क्याच्या आसपास उरतो. आणि फ्लोरिडाने 2024 व 2025 असे सलग दोन स्टॅनली कप, म्हणजे लीगची विजेतेपदं, काचकसह जिंकले.

16 सप्टेंबर 2026 पासून नवा सामूहिक करार लागू होतो. त्यात आपल्या खेळाडूला सात वर्षं आणि बाहेरच्याला सहा, अशी मर्यादा आहे. आकडे खाली आले, तरी दोघांतलं एका वर्षाचं अंतर तसंच आहे.